पोटगीची फाइल: लेकीसोबत फॅमिली कोर्टात गेलेल्या बापाचं टिपण

२०२१ च्या दिवाळीला धाकटी लेक चार वर्षांच्या नातीला घेऊन पुण्याहून माहेरी आली. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न लागलं, तरी तिनं परतीचं तिकीट काढलं नाही. एका रात्री डोक्याला तेल लावता लावता तिच्या आईनं विचारलं, तेव्हा बांध फुटला. जावयाचं ऑफिसातल्या एकीशी दोन वर्षांपासून सुरू होतं. हिनं विचारलं की घरात आदळआपट, आणि महिन्याचा खर्च हातावर मोजून द्यायचा, वर पैन् पैचा हिशेब मागायचा. त्याच्या वर्षभर आधी तिनं फोनवर मला आडून सांगून पाहिलं होतं. मी म्हणालो होतो, "संसारात होतं असं, सांभाळून घे." ते वाक्य मला आजही टोचतं.

मी तेहतीस वर्षं बँकेत होतो, शेवटची अकरा वर्षं हेड कॅशियर. कायद्याचं शिक्षण नाही. पण पुढची अडीच वर्षं लेकीसोबत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या फॅमिली कोर्टाच्या चकरा मारल्या, तिची फाइल माझ्या हातानं लावली. आता नंदनवनातल्या आमच्या घरी महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणाची आई, कुणाचा बाप येऊन बसतो. "साहेब, आमच्या पोरीचं असं असं झालं, आता काय करू?" त्यांना मी जे सांगतो ते इथं लिहितो. वकील लागतोच, पण वकिलाकडं रिकाम्या हातानं जाऊ नका, एवढ्यासाठी हे.

आलेला माणूस आधी मोबाइल पुढं करतो. त्यात फोटो, चॅट, कुणाबरोबर कुठं दिसला ते. "पाहा न साहेब, कसा माणूस आहे." मी पाहतो, कारण त्यांचं दुःख खरं असतं. मग विचारतो, "त्याची पगाराची स्लिप आहे का? पॅन नंबर? कोणत्या बँकेत पगार जमा होतो?" तिथं बहुतेक जण गप्प होतात.

कोर्टापुढं दोन वेगळे प्रश्न असतात आणि आपण घरी त्यांचा एकच गोळा करून ठेवतो. घटस्फोट द्यायचा की नाही, इथं वागणूक सिद्ध करावी लागते. पोटगी किती द्यायची, इथं आकडे लागतात: त्याची कमाई, हिची कमाई, लग्नात राहणीमान कसं होतं, लेकराला महिन्याला किती लागतं. कायमची पोटगी ठरवताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये दोघांच्या वागणुकीचाही विचार होतो, पण पाया मिळकतीचाच. नवरा वाईट वागला म्हणून दंड लावल्यासारखी पोटगी दुप्पट होत नाही. आमची पहिली चार महिने ताकद तो कसा वाईट आहे हे जमवण्यात गेली आणि तोवर घरात एक रुपया आला नाही. तुम्ही उलटं करा. आधी पोटगीचा अर्ज, मग बाकी सगळं.

कोणता अर्ज, कुठं

आम्ही फेब्रुवारी २०२२ मध्ये पोटगीचा अर्ज केला तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. वकील अजूनही सवयीनं "एकशे पंचवीस" म्हणतात, गोंधळू नका. हा अर्ज कोणत्याही धर्माच्या बाईला करता येतो. घटस्फोट झालेल्या मुस्लिम बाईलाही, हे सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आपल्या नागपुरात बौद्ध कुटुंबं फार, तेही विचारतात की आम्हाला हिंदू विवाह कायदा कसा? त्या कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू आहे असं लिहिलेलं आहे.

जावई पुण्याला, सासर पुण्याला, म्हणून आम्हाला वाटत होतं की खटलाही पुण्यालाच चालणार. तसं नाही. बायको आज जिथं राहते तिथं ती पोटगीही मागू शकते आणि घटस्फोटाचा अर्जही टाकू शकते. लग्न मोर्शीला लागलं आणि संसार पिंपरीत झाला, तरी आमच्या लेकीचा अर्ज नागपूरच्या फॅमिली कोर्टानं घेतला. जावयानं नंतर पुण्यात घटस्फोटाची केस टाकली. एका तारखेसाठी लहान पोरीला घेऊन रात्रभर गाडीत, म्हणून आम्ही ती केस इकडं बदलून मिळावी असा हायकोर्टात अर्ज केला आणि तो मंजूर झाला. पुण्याचं समन्स आलं की घाबरून गप्प बसू नका. गैरहजर राहिलं तर निकाल एकतर्फी लागतो.

पैशाची धास्ती असेल तर दोन गोष्टी. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत बाईला कोर्ट फी माफ आहे. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं किंवा बापाचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात जाऊन साधा अर्ज द्यायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. घरात मारहाण असेल किंवा राहायला जागाच नसेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि निवारा दोन्ही मागता येतात. तिथं उशीर करू नका. मात्र एका अर्जात मिळणारी पोटगी दुसऱ्या अर्जात लपवायची नाही. रक्कम एकमेकींतून वजा होते आणि लपवलेलं उघडं पडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

प्रतिज्ञापत्र: इथं जीव ओता

४ नोव्हेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निकाल दिला. ते प्रकरण आपल्याच नागपूरच्या फॅमिली कोर्टातून वर गेलेलं. त्या निकालापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात नवरा आणि बायको दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. शहरातल्यांसाठी वेगळा नमुना, शेतीवाल्यांसाठी वेगळा. समोरच्यानं ते चार आठवड्यांत द्यायचं असतं, आणि दोनापेक्षा जास्त वेळा मुद्दाम टाळाटाळ केली तर त्याचा बचावच रद्द होऊ शकतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही त्याच निकालानं ठरवलं. म्हणूनच म्हणतो, अर्ज लवकर टाका. विचार करण्यात घालवलेले महिने भरून मिळत नाहीत.

आमच्या पहिल्या वकिलांनी लेकीचा महिन्याचा खर्च ६५,००० लिहिला होता. "जास्त मागितलं की निम्मं मिळतं," असं त्यांचं म्हणणं. मी रात्री तो कागद वाचला आणि झोप लागली नाही. आयुष्यभर रोकड जुळवली, खोट्या बेरजेखाली लेकीची सही कशी घेऊ? दुसऱ्या दिवशीपासून शंभर पानी वही घेतली. दूध, भाजी, गॅस, नातीची शाळा, व्हॅन, तिच्या दम्याचं औषध, नेब्युलायझरचं मास्क, जिथं बिल मिळालं तिथं बिल चिकटवलं. तीन महिन्यांची सरासरी २७,४०० निघाली. तोच आकडा लिहिला. पुढं उलटतपासणीत त्यांच्या वकिलानं वही मागवली, दहा-बारा पानं उलटली आणि खर्चावर एकही प्रश्न न विचारता बाजूला ठेवली. अशी वही आजपासूनच सुरू करा.

लेकीनं मध्ये एका शाळेत नोकरी धरली, १४,००० पगार. नातेवाईक म्हणाले, सांगू नका, पोटगी बंद होईल. आम्ही सांगितलं. बायको कमावते एवढ्यानं पोटगी बुडत नाही, तिची कमाई तिला आणि लेकराला त्या राहणीमानात पुरते का, हे पाहिलं जातं. आणि शपथेवर खोटं लिहिलं तर कारवाई तिच्यावरही होऊ शकते.

आता त्याचं प्रतिज्ञापत्र. ते हातात आलं की नुसता शेवटचा आकडा वाचून रडू नका. जावयानं लिहिलं होतं, हातात येणारा पगार ६१,०००. स्लिप पाहिली तर एकूण पगार १,१८,०००. मधले कुठं गेले? प्राप्तिकर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी, हे खरं वजा होणारं. पण त्याखाली स्वतःहून वाढवलेला पीएफ होता, सोसायटीचं कर्ज होतं आणि गाडीचा हप्ता होता. गाडी नोटीस मिळाल्यानंतर दोन महिन्यांनी घेतलेली. स्वतःच्या मर्जीनं कापून घेतलेले पैसे कोर्ट सहसा मिळकतीतच धरतं. ही वजाबाकी वकिलाला एका कागदावर मांडून द्या, डावीकडं सक्तीची कपात, उजवीकडं मर्जीची.

मग बँकेचं स्टेटमेंट. त्यानं तीन वर्षांचं जोडलं होतं, सत्तरच्या वर पानं. मे महिना, कूलरचं पाणी संपलेलं, जेवणाच्या टेबलावर पानं पसरून मी पेन्सिलनं एकेका ओळीला टिक करत गेलो, जशी शाखेत वर्षअखेरीला करायचो. अकराव्या पानावर थांबलो. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी ४०,००० एका खात्यात जायचे, शेवटचे आकडे ४४१७. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्याही. प्रतिज्ञापत्रात त्यानं दोन खाती दाखवली होती आणि ४४१७ त्यांत नव्हतं. लेक समोर नातीला भात भरवत होती. मी काही बोललो नाही, फक्त पान तिच्याकडं सरकवलं. तिनं बोट ठेवून खाली खाली पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मले म्हणे पगार पुरत नाही. पोरीचे बूट दोन महिने टाळले त्यानं."

त्या खात्याचं स्टेटमेंट हजर करायला सांगावं, असा अर्ज आम्ही दिला. त्यावर आदेश झाला आणि आईच्या नावावर घेतलेला प्लॉटही बाहेर आला. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी लेकीला ११,००० आणि नातीला ७,००० लागली, अर्जाच्या तारखेपासून. मागितल्याएवढी नाही, पण तिच्या पगाराला जोडून घर चालायला पुरेशी. लोक विचारतात, पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात न? २०१७ च्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तेवढी रक्कम योग्य धरली होती, तिथून हे पसरलं. तो ठरलेला दर नाही.

नमुन्यात आणखी एक भाग असतो: समोरच्याच्या मिळकतीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे. तो कोरा सोडू नका. पॉलिसी, म्युच्युअल फंडाचे मेसेज, गावची शेती, सासऱ्यांच्या दुकानातला वाटा, जे आठवेल ते लिहा. घर सोडायची वेळ आलीच तर दागिन्यांइतकंच हे कागद महत्त्वाचे. आपले दाखले, लेकराचा जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र आणि त्याच्या स्लिपचा मोबाइलवर फोटो, एवढं सोबत हवं.

बाहेरचे संबंध, छळ आणि त्याचा पुरावा

व्यभिचार हा आता गुन्हा नाही. ४९७ कलम सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं. पोलीस ठाण्यात त्यासाठी हेलपाटे घालू नका. घटस्फोटाचं कारण मात्र तो आजही आहे. पण तो आरोप करायचा तर तारीख, जागा, कोण, हे सगळं लिहावं लागतं. नुसतं "याचं बाहेर आहे" चालत नाही. आमच्याकडं चॅट होते, हॉटेलचं बुकिंग नव्हतं. दुसऱ्या वकील बाईंनी शांतपणे समजावलं की छळ, म्हणजे कायद्याच्या भाषेत क्रूरता, या कारणाखाली हेच चॅट, पैशाची कोंडी, आदळआपट सगळं येतं आणि सिद्ध करणं सोपं जातं. आम्ही तेच केलं. मला ते पटलं आणि येणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

उलट बाजूनंही लक्ष असू द्या. पोटगी चुकवायला बायकोच्या चारित्र्यावर चिखल उडवतात, कारण ती परपुरुषासोबत राहत असेल तर कलम १४४ खाली पोटगी मिळत नाही. तिथं "राहत असेल" हा शब्द महत्त्वाचा. एखादा फोटो किंवा एखादी भेट पुरत नाही, सततचं वागणं दाखवावं लागतं. आणि लेखी उत्तरात बायकोच्या चारित्र्यावर केलेले बिनबुडाचे आरोप हीच क्रूरता ठरते, हे सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच सांगितलं आहे. जावयाच्या उत्तरात लेकीबद्दल एक ओळ होती. ती वाचून ती दोन दिवस जेवली नाही. शेवटी त्याच ओळीनं त्याचं नुकसान केलं. असं काही लिहून आलं की ते पान जपून ठेवा, लेकीला एकटीनं वाचू देऊ नका.

फोनमधलं काही पुसू नका, जुना हँडसेट विकू नका. चॅट किंवा रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, प्रिंट काढून चिकटवणं पुरत नाही. नवरा-बायकोचं आपसातलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात चालू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२५ ला म्हटलं. पण त्याचा ईमेल फोडणं, पासवर्ड चोरणं हे गुन्हे आहेत. नणंद अमरावतीला राहते आणि वर्षातून दोनदा येते, तिचं नाव तक्रारीत ओढू नका. खरी तक्रारही त्यानं पातळ होते.

समुपदेशकांकडं

फॅमिली कोर्ट आधी समझोता होतो का ते पाहतं, कायद्यानंच ते त्याचं काम आहे. आमच्या पहिल्या तारखेला लेकीनं गच्च मुठी आवळल्या होत्या. तिला वाटत होतं, परत नांदायला जा म्हणतील. समुपदेशक बाईंनी तिला आधी पाणी दिलं, मग एकटीला आत घेतलं आणि विचारलं, "ताई, तुला काय हवंय?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. तिथं मन मोकळं करा. तिथं बोललेलं पुराव्यात येत नाही. आईवडिलांनी बाहेर बाकावर बसावं आणि लेकीच्या वतीनं बोलू नये. लेकराला शक्यतो नेऊ नका. न्यावंच लागलं तर डबा, पाण्याची बाटली आणि रंगाची पेटी, कारण पुकारा कधी होईल सांगता येत नाही. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा ओळख क्रमांक, टाकून रोज रात्री पाहता येते.

मुलाच्या बाजूचेही वडील माझ्याकडं येतात. त्यांना एकच सांगतो: आदेशाची वाट न पाहता लेकराच्या खर्चाचे पैसे दर महिन्याला बँकेतून पाठवत राहा, रोख देऊ नका. आणि नवरा खरंच बेरोजगार किंवा आजारी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली तोही खर्च मागू शकतो.

संमतीनं होत असेल तर

२०२४ मध्ये जावयाकडून संमतीचा निरोप आला. वर्षभर वेगळं राहणं झालेलं असलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली दोघं मिळून अर्ज करतात, मग सहा महिन्यांनी पुन्हा जबाब. बराच काळ वेगळे राहत असतील आणि पोटगी, लेकराचा ताबा सगळं मिटलं असेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून. "संसार उरलाच नाही" एवढ्या कारणावर एकतर्फी घटस्फोट मात्र फॅमिली कोर्ट देऊ शकत नाही. तो अधिकार सुप्रीम कोर्टाचा.

समझोत्याच्या कागदावर घाईनं सही करू नका. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागं घेऊ शकतं, म्हणून एकरकमी रकमेतला मोठा हिस्सा अर्ज दाखल करतानाच डिमांड ड्राफ्टनं घ्या, उरलेला दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, आणि ड्राफ्टचा नंबर कागदात लिहून घ्या. स्त्रीधनाची यादी तोळ्या-ग्रॅमसह वेगळी जोडा. ते मुलीचंच असतं, पोटगीत धरून वळतं करू देऊ नका. "नातीबद्दल पुढं काही मागणार नाही," अशी ओळ त्यांच्या मसुद्यात होती. ती आम्ही काढायला लावली. लेकराच्या पोटगीचा हक्क लेकराचा, आई तो सोडून देऊ शकत नाही. शाळेची फी दर वर्षी किती वाढवून द्यायची आणि सुट्टीत भेट कुठं, किती तास, हेही लिहून ठेवलं.

आदेश झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. प्रमाणित प्रतीशिवाय वसुलीचं पुढचं काहीच हलत नाही. पोटगी शक्यतो थेट मुलीच्या खात्यात मागा. नातीची रक्कम दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत यायची आहे, म्हणून सहा तारखेला मी पासबुक भरून आणतो आणि कॅलेंडरवर टिक करतो. गेल्या वर्षी जून आणि जुलैचे हप्ते आले नाहीत, ऑगस्टमध्ये आम्ही वसुलीचा अर्ज टाकला आणि वॉरंट निघण्याआधीच दोन्ही महिन्यांचे पैसे जमा झाले. पैसे थकवले तर तुरुंगही होऊ शकतो आणि तुरुंगात बसल्यानं देणं फिटत नाही. पण कलम १४४ खाली थकलेला हप्ता ज्या दिवशी द्यायचा होता, त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तेवढी तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं वेगळी लिहून ठेवा.